सरकता ठोकळा थांबतो कसा, आणि थांबल्यावर उलटा का येत नाही?

प्रश्न अकरावी सायन्सच्या एका विद्यार्थ्याचा आहे. “सपाट फरशीवर एक ठोकळा ३ मीटर प्रति सेकंद वेगाने सरकवून दिला. कायनेटिक फ्रिक्शनचा (सरकतानाच्या घर्षणाचा) गुणांक ०.३ आहे, जी (गुरुत्वाकर्षणाचं त्वरण) १० धरा. २ सेकंदांनंतर ठोकळा किती लांब गेलेला असेल? मी गतीच्या दुसऱ्या समीकरणात किंमती घातल्या तर उत्तर शून्य येतं. ठोकळ्याचं वस्तुमानही दिलेलं नाही. गणित चुकीचं छापलंय का?”

गणित बरोबर छापलंय. तुझी आकडेमोडही बरोबर आहे. अंतर म्हणजे वेग गुणिले वेळ, अधिक अर्धा गुणिले त्वरण (वेग बदलण्याचा दर) गुणिले वेळेचा वर्ग; घर्षणामुळे त्वरण इथे उणे ३, म्हणजे ०.३ × १०. ३ गुणिले २ म्हणजे ६, त्यातून अर्धा गुणिले ३ गुणिले ४ म्हणजे पुन्हा ६ वजा, उरलं शून्य. आणि तरीही उत्तर चूक आहे. पेपर काढणाऱ्याने २ सेकंद हा आकडा उगाच निवडलेला नाही. वेळ पाऊण सेकंद दिली असती तर तुझं उत्तर बरोबर आलं असतं आणि गडबड कुठे आहे ते कधी कळलंच नसतं.

समीकरणाने तुला काय सांगितलं ते एकदा शब्दांत वाच. ठोकळा पुढे गेला, थांबला, मग घर्षणाने त्याला मागे ढकलत नेलं, आणि २ सेकंद पूर्ण होताना तो सुरुवातीच्या जागेवरून ३ मीटर प्रति सेकंद वेगाने उलट्या दिशेने निघाला आहे. अशी फरशी कुणाच्या घरी असेल तर मला नक्की कळव. वर उडवलेल्या चेंडूचं असं होतं, कारण गुरुत्वाकर्षणाला चेंडू कुठल्या दिशेने चाललाय याच्याशी काही देणंघेणं नसतं. ते कायम खालीच ओढतं. घर्षणाचं तसं नाही. घर्षण स्वतःहून कुणाला ओढत नाही की ढकलत नाही. दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासत असतील तर ते घासण्याला विरोध करतं, घासणं थांबलं की कायनेटिक फ्रिक्शन तिथेच संपतं. तुझ्या सगळ्या अडचणीचं मूळ इथे आहे: तू घर्षणाला गुरुत्वाकर्षणासारखं कायमचं बल समजून गणित मांडलंस.

आता पायरीपायरीने करू. वस्तुमान दिलेलं नाही म्हणून आपणच एक घेऊ, २ किलो. ठोकळ्याचं वजन २० न्यूटन, फरशी सपाट आहे आणि वरून-खालून दुसरं कुणी दाबत-उचलत नाही, म्हणून फरशी त्याला २० न्यूटननेच वर रेटते. हे नॉर्मल बल. घर्षण म्हणजे म्यू (घर्षणाचा गुणांक) गुणिले नॉर्मल, ०.३ × २० = ६ न्यूटन. ६ न्यूटन भागिले २ किलो म्हणजे वेग दर सेकंदाला ३ मीटर प्रति सेकंदाने कमी होणार. आता १० किलोचा ठोकळा घे. वजन १०० न्यूटन, नॉर्मल १००, घर्षण ३०, आणि ३० भागिले १० पुन्हा ३. वस्तुमान वाढलं तसं घर्षणही त्याच पटीत वाढलं, आणि थांबवायला जड असलेली वस्तू तेवढ्याच जोरात धरली गेली. म्हणून वस्तुमान दिलेलं नाही. त्याची गरजच नाही. सपाट जमिनीवर फक्त घर्षण काम करत असेल तर वेग कमी होण्याचा दर म्यू गुणिले जी इतका असतो, बस्स. मात्र हे पाठ करून ठेवू नकोस, कारण नॉर्मल बल वजनाएवढं नसेल तर ते लगेच मोडतं. त्यावर पुढे येतो.

वेग ३, दर सेकंदाला ३ ने घट, म्हणजे ठोकळा बरोबर १ सेकंदात थांबला. त्या एका सेकंदात सरासरी वेग दीड, म्हणून अंतर दीड मीटर. पुढच्या सेकंदात काही घडत नाही. तेव्हा २ सेकंदांनंतर उत्तर १.५ मीटर, आणि १० सेकंदांनंतर विचारलं तरी १.५ मीटर. घर्षणाच्या कुठल्याही गणितात वेळ दिलेली असेल तर आधी “हा थांबणार केव्हा?” हे काढायचं आणि मगच दिलेल्या वेळेकडे बघायचं. माझ्या वर्गात मी हे इतक्यांदा सांगतो की मुलं माझ्या आधी बोलून मोकळी होतात, आणि युनिट टेस्टला त्यातलीच निम्मी शून्य लिहून येतात.

तो एक सेकंद जरा जवळून बघण्यासारखा आहे. त्याचे पाव-पाव सेकंदाचे चार तुकडे कर. वेग ३ वरून २.२५, मग १.५, मग ०.७५, मग शून्य. प्रत्येक तुकड्यात कापलेलं अंतर सेंटिमीटरमध्ये साधारण ६५.६, ४६.९, २८.१ आणि ९.४. या चार आकड्यांचं गुणोत्तर काढ: ७, ५, ३, १. वरून सोडलेली वस्तू समान वेळांत १, ३, ५, ७ अशा प्रमाणात अंतर कापते हे गॅलिलिओने दाखवलं होतं; सरकून थांबणारा ठोकळा तेच उलट्या क्रमाने करतो. कारण एकच, दोन्हीकडे त्वरण स्थिर आहे.

याचा एक परिणाम डोळ्यांना फसवतो. पहिल्या अर्ध्या सेकंदात ठोकळ्याने जवळजवळ १ मीटर १२ सेंटिमीटर अंतर संपवलं, दुसऱ्या अर्ध्यात जेमतेम साडेसदतीस सेंटिमीटर. बघणाऱ्याला वाटतं की शेवटी शेवटी घर्षण वाढलं. घर्षण सुरुवातीपासून शेवटपर्यंत ६ न्यूटनच होतं. वेग कमी होता म्हणून अंतर कमी कापलं गेलं, एवढंच.

घर्षण वेगावर अवलंबून का नाही, असा पुढचा प्रश्न तू विचारणार. विचारायलाच हवा, कारण हवेचा किंवा पाण्याचा विरोध वेगाबरोबर वाढतो हे सायकल चालवणाऱ्यालाही माहीत असतं. खरं सांगायचं तर हा निसर्गाचा अटळ नियम नाही, प्रयोगातून हाती आलेला कामचलाऊ नियम आहे. फ्रान्समध्ये आमाँताँ या शास्त्रज्ञाने १६९९ मध्ये दोन गोष्टी मांडल्या: घर्षण दाबणाऱ्या बलाच्या प्रमाणात असतं, आणि दिसणाऱ्या स्पर्शक्षेत्रावर अवलंबून नसतं. लिओनार्दो दा विंचीच्या वह्यांत हेच निष्कर्ष त्याच्या दोनेकशे वर्षं आधी होते, पण ते छापले गेले नव्हते. सरकताना वेगाचा फारसा फरक पडत नाही, ही भर कूलोमची, १७८५ ची. हो, तोच कूलोम, ज्याचा विद्युतभारांचा नियम तुला बारावीत भेटेल. तो फ्रेंच लष्करात इंजिनिअर होता आणि घर्षणाचे प्रयोग त्याने रोशफोरच्या जहाजबांधणीच्या आवारात केले, लाकूड, दोरखंड आणि जड ओझी घेऊन. त्याच्यापुढे प्रश्न व्यवहारातला होता. जहाज पाण्यात ढकलताना ते उतारावरून किती जोराने सरकेल, हे गोदीतल्या माणसांना आधी कळायला हवं असतं.

वीट आडवी सरकवली काय आणि कडेवर उभी करून सरकवली काय, घर्षण जवळपास तेवढंच, हे मुलांना पटत नाही. मलाही विद्यार्थी असताना नुसत्या सूत्रावरून पटलेलं नव्हतं. खुलासा विसाव्या शतकात केंब्रिजच्या बाउडन आणि टेबर या शास्त्रज्ञांच्या कामातून नीट पुढे आला. कितीही सपाट दिसला तरी पृष्ठभाग सूक्ष्म पातळीवर उंचसखल असतो. दोन पृष्ठभाग ठेवले की फक्त उंचवट्यांची टोकं टेकतात, आणि खरं स्पर्शक्षेत्र दिसणाऱ्या क्षेत्राचा अगदी क्षुल्लक भाग असतो. त्या टोकांवर प्रचंड दाब येतो, ती चेपतात आणि भार पेलला जाईल इतकी पसरतात. वीट आडवी असताना टोकं पुष्कळ, प्रत्येकावर भार थोडा. उभी केली की टोकं कमी, प्रत्येकावर भार जास्त, म्हणून प्रत्येक टोक जास्त चेपतं. दोन्ही वेळा खरं स्पर्शक्षेत्र जवळपास सारखंच, आणि ते भाराच्या प्रमाणात. म्यूचा उगम हा आहे.

पृष्ठभाग जितका गुळगुळीत तितकं घर्षण कमी, हा समजही याच ठिकाणी मोडतो. एखाद्या आयटीआयमध्ये किंवा टूलरूममध्ये जाऊन स्लिप गेज बघ. पोलादाचे अत्यंत सपाट, आरशासारखे घासलेले ठोकळे. ते स्वच्छ पुसून, एकावर एक ठेवून जरा दाबत फिरवले की एकमेकांना असे चिकटतात की वरचा उचलला तर खालचाही बरोबर येतो. तिथे एकमेकांत अडकायला खाचाच नाहीत. पृष्ठभाग इतके जवळ येतात की त्यांच्यातली आकर्षणं आणि मधला तेला-ओलाव्याचा अतिपातळ थर पकड घेतात. ‘खाचांत खाचा अडकतात’ हे आठवीतलं चित्र सुरुवातीला ठीक आहे, पण तिथेच थांबू नये.

आता थांबण्याचा क्षण. ठोकळा थांबला की त्याच्यावर घर्षण किती? दहातली आठ मुलं ६ न्यूटन लिहितात, उरलेली दोन “त्याहून जास्त, कारण स्टॅटिक फ्रिक्शन (स्थिर वस्तूवरचं घर्षण) मोठं असतं” असं लिहितात. बरोबर उत्तर शून्य. सपाट फरशीवर निवांत पडलेल्या ठोकळ्याला कुणी आडवं ढकलत नाहीये, मग घर्षणाने विरोध कशाला करायचा? स्टॅटिक फ्रिक्शन मागणीपुरतंच मिळतं. तू २ न्यूटनने ढकललंस तर ते २ होईल, ४ ने ढकललंस तर ४. पुस्तकातलं म्यू-एस (स्टॅटिक फ्रिक्शनचा गुणांक) गुणिले नॉर्मल ही त्याची कमाल मर्यादा आहे, नेहमीची किंमत नव्हे. म्हणजे त्वरण शेवटच्या क्षणापर्यंत उणे ३ असतं आणि एकदम शून्यावर उडी मारतं.

ही उडी तू अंगावर अनुभवलेली आहेस. एसटी स्टँडवर थांबताना ड्रायव्हरने ब्रेक शेवटपर्यंत सारखाच दाबून धरला तर बस थांबते त्या क्षणी उभे प्रवासी मागच्या बाजूला झोकांडतात. ब्रेक लायनर आणि ड्रम यांच्यातलं घर्षण चाक फिरत असेपर्यंत कायनेटिक असतं. चाक थांबलं की बसचं मंदन (वेग कमी होण्याचा दर) एका क्षणात नाहीसं होतं, आणि मंदनाला तोंड द्यायला मागे रेललेलं आपलं शरीर तसंच मागे जातं. कसलेला ड्रायव्हर शेवटच्या हातभर अंतरात पाय किंचित सैल सोडतो. त्याने तुझं समीकरण पाहिलेलं नसतं, पण आलेखातली ती उडी तो रोज घासून गुळगुळीत करतो.

नॉर्मल बल वजनाएवढं नसतं तेव्हाची गोष्ट राहिली होती. २० किलोची ट्रंक, म्यू ०.३, आणि तू १०० न्यूटन बल तिरकं लावतोस, असं की त्याचा आडवा घटक ८० आणि उभा घटक ६० न्यूटन. दोरीने वरच्या दिशेला तिरकं ओढलंस तर उभे ६० न्यूटन ट्रंक उचलू बघतात. नॉर्मल २०० वजा ६०, म्हणजे १४०. घर्षण ४२. पुढे उरले ३८ न्यूटन, त्वरण १.९. आता तेच बल मागून, वाकून, खालच्या दिशेला तिरकं ढकलायला लाव. नॉर्मल २६०, घर्षण ७८, पुढे उरले फक्त २ न्यूटन, त्वरण ०.१. तीच ट्रंक, तेवढाच जोर, आणि फरक एकोणीस पट. रेल्वे स्टेशनवर चाकांशिवायची जुनी बॅग फरफटत नेणारा माणूस पट्टा वर धरून ओढतो, वाकून ढकलत नाही. गणितात मात्र आपण डोळे मिटून नॉर्मल बरोबर एम-जी (वस्तुमान गुणिले जी, म्हणजे वजन) लिहून मोकळे होतो. म्यूच्या शेजारी एम-जी लिहायच्या आधी उभ्या दिशेची सगळी बलं एकदा मोज, माझा यापेक्षा मोठा आग्रह नाही.

उतारावर नॉर्मल आणि दिशा, दोन्ही खेळ एकदम होतात. ३-४-५ त्रिकोणाचा उतार घे, साइन ०.६, कोसाइन ०.८, म्यू ०.५. ठोकळा १० मीटर प्रति सेकंदाने वर सरकवला. वर जाताना गुरुत्वाकर्षणाचा घटक खाली आणि घर्षणही खाली: मंदन १० × (०.६ + ०.४) = १०. एका सेकंदात ५ मीटर वर जाऊन थांबला. खाली येताना घर्षणाने बाजू बदलली, आता ते वर: त्वरण १० × (०.६ − ०.४) = २. तेच ५ मीटर उतरायला साधारण २.२४ सेकंद, आणि तळाशी वेग साधारण ४.५. चढायला १ सेकंद, उतरायला सव्वादोन! एकच समीकरण पूर्ण प्रवासाला लावणारा इथे हमखास आपटतो. शिवाय तो खाली येईलच असंही नाही. वर थांबल्यावर स्टॅटिक फ्रिक्शनचा गुणांक ०.७५ किंवा त्याहून जास्त असेल तर ठोकळा तिथेच बसून राहील.

‘घर्षण गतीच्या विरुद्ध असतं’ हे वाक्य वहीत असेल तर ‘गतीच्या’ खोडून ‘घासण्याच्या’ लिही. साखर कारखान्यात चालत्या पट्ट्यावर पोतं अलगद ठेवलं की काय होतं? समजा पट्टा २ मीटर प्रति सेकंदाने चालतोय आणि म्यू ०.४ आहे. पोतं सुरुवातीला स्थिर, पट्टा त्याच्याखालून पुढे घसरतोय. पट्ट्याच्या दृष्टीने पोतं मागे घसरतंय, म्हणून घर्षण पोत्याला पुढे ओढतं. त्वरण ४, अर्ध्या सेकंदात पोत्याचा वेग पट्ट्याएवढा. तेवढ्यात पोतं अर्धा मीटर पुढे गेलं आणि पट्टा एक मीटर, म्हणजे पट्ट्यावर अर्ध्या मीटरचा घासल्याचा माग उमटेल. इथे कायनेटिक फ्रिक्शनने वेग कमी केला नाही, वाढवला.

ऊर्जेच्या बाजूने तुझं गणित दोन ओळींत सुटतं. गतिज ऊर्जा म्हणजे अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. २ किलोसाठी ९ ज्यूल. घर्षण ६ न्यूटन. ९ भागिले ६, दीड मीटर. यात वेळेचा सापळाच नाही, म्हणून ‘किती अंतरावर थांबेल’ असं विचारलं तर मी हीच वाट धरतो. ते ९ ज्यूल मुख्यतः उष्णता होऊन ठोकळ्यात आणि फरशीत, दोघांतही, वाटले जातात. कुणाला किती, हे या गणितातून कळत नाही.

वेगाचा वर्ग आला की रस्त्यावरचा हिशोब बदलतो. चाकं लॉक होऊन गाडी घसरत थांबतेय असं धर, जी ९.८ घे. कोरड्या डांबरी रस्त्यासाठी म्यू ०.७ धरला तर ताशी ६० किलोमीटरला सुमारे २० मीटर लागतात. ताशी ८० ला ३६ मीटर. पावसात म्यू ०.४ धरला तर ६० लाच ३५ मीटर. म्हणजे ओल्या रस्त्यावर साठने जाणारा थांबायच्या बाबतीत कोरड्यावर ऐंशीने जाणाऱ्याच्या जवळपास बरोबरीला येऊन बसतो. त्यात ब्रेकवर पाय पडेपर्यंतचा एक सेकंद धरलास तर ६० च्या वेगाने आणखी १६-१७ मीटर आधीच गेलेले असतात. चाक न घसरता फिरत राहिलं तर टायर आणि रस्ता यांच्यात स्टॅटिक फ्रिक्शन काम करतं, त्याची मर्यादा सहसा कायनेटिकपेक्षा जास्त असते, आणि हँडल फिरवलं तर गाडी ऐकते. एबीएस (अँटी-लॉक ब्रेकिंग सिस्टिम) नेमकं हेच करतं, चाक लॉक होऊ लागलं की ब्रेक क्षणभर सैल करून पुन्हा धरतं. आपल्याकडे १२५ सीसीच्या वरच्या नव्या दुचाकींना ते एप्रिल २०१९ पासून सक्तीचं आहे.

म्यू स्वतः मोजायचा असेल तर कॅरम बोर्ड काढ. बोर्डाच्या कडेला पट्टी चिकटव, मोबाइल वरून सरळ खाली बघेल असा टांग आणि स्लो मोशन लाव. स्ट्रायकर हलकेच असा सरकव की तो समोरच्या कडेला न लागता मध्येच थांबेल. मग व्हिडिओ थांबवून थांबवून ठराविक फ्रेमनंतरची जागा लिहून घे आणि लागोपाठच्या अंतरांतला फरक काढ. अंतरं प्रत्येक वेळी सारख्याच आकड्याने घटत असतील तर मंदन स्थिर आहे. तो फरक दोन नोंदींमधल्या वेळेच्या वर्गाने भागलास की मंदन, आणि त्याला जीने भागलं की म्यू मिळाला. मग बोरिक पावडर टाकून तेच पुन्हा कर. स्ट्रायकर टिचकीने मारू नकोस, तो फिरत जातो. पट्टीच्या सपाट बाजूने ढकल. शेवटच्या दोन-तीन फ्रेममधले आकडे हिशोबात धरू नकोस, तिथे अंतर इतकं कमी असतं की पट्टीवरची वाचनातली चूकच त्याहून मोठी होते.